बाईंचा उजवा कान

भूगोलाच्या बाईंच्या वर्गात कुणी पुटपुटत नसे. बाकीच्या वर्गांत पोरं खाली मान घालून, बाकाशीच बोलल्यासारखी उत्तरं द्यायची, पण बाईंच्या तासाला उभं राहिलं की आवाज खणखणीत निघायचा. एकाचं उत्तर संपलं की बाई भलत्याच कोपऱ्यातल्या कुणाला तरी उठवायच्या.

"ती काय म्हणाली? तुझ्या शब्दांत सांग बघू."

त्यामुळे त्यांच्या तासाला डुलकी काढायची सोय नव्हती. वारे कुठून कुठे वाहतात हे एकीने सांगायचं, दुसऱ्याने ते आपल्या भाषेत मांडायचं आणि तिसऱ्याने त्यातली चूक काढायची. तपासणीला येणारे अधिकारी मागच्या बाकावर बसून माना डोलवायचे आणि जाताना मुख्याध्यापकांना म्हणायचे, "वर्ग असा असावा."

बाई शिकवताना बहुतेक वेळ फळ्याजवळच्या कोपऱ्यात, खिडकीच्या भिंतीला उजवा खांदा टेकवून उभ्या असत. पोरांना वाटायचं, बाईंना वारा आवडतो. खरी गोष्ट अशी होती की बाईंना उजव्या कानाने काहीच ऐकू येत नव्हतं. ऐन तिशीत आलेला एक ताप जाताना तो कान घेऊन गेला होता. म्हणून सगळा वर्ग डाव्या हाताला घ्यायचा, पोरांना मोठ्याने बोलायला लावायचं, आणि तरीही काही निसटलं तर दुसऱ्याकडून ते पुन्हा वदवून घ्यायचं. अडचणीतून काढलेली ही वाट पुढे त्यांच्या शिकवण्याची रीतच होऊन बसली, आणि ती रीत पोरांच्याही पथ्यावर पडली.

कान गेल्याचं ठाऊक होतं फक्त त्यांच्या नवऱ्याला. त्याचं बाजारात रेडिओ, पंखे, भोंगे दुरुस्त करायचं दुकान होतं. माणूस गप्पिष्ट आणि थट्टेखोर. घरात म्हणायचा, "लोक हलक्या कानाचे असतात, आमची ही एका कानाची." पण थट्टा उंबऱ्याच्या आतच राहायची. बाहेर त्याने कधी अक्षर काढलं नाही.

लपवायला कारण होतं. बाई ज्या पहिल्या शाळेत लागल्या, तिथे चित्रकलेच्या एका सरांना कमी ऐकू यायचं. पोरांना त्याचा पत्ता लागला. मग एकेक जण उभा राहून नुसतेच ओठ हलवायचा, आवाज काढायचाच नाही. सर कानामागे हात धरून "काय? काय?" करत पुढे यायचे आणि वर्ग हसून लोळायचा. वर्ष संपायच्या आत सर नोकरी सोडून गेले. बाईंनी तेव्हाच कानाला खडा लावला होता, आणि पुढे त्यांचाच कान गेल्यावर तोंड शिवून घेतलं.

अशातच शाळेत नवी आली. तिला नाव होतं, पण शिक्षकांच्या खोलीत जी सगळ्यात शेवटी येई तिला 'नवी' म्हणत, आणि हिच्यानंतर बरीच वर्षं कुणी आलंच नाही, म्हणून ते हिला कायमचं चिकटलं. शिक्षक प्रशिक्षणात पहिली आलेली पोरगी. तक्ते असे रंगवायची की बघत राहावं. पण सातवीच्या वर्गाने तिचं पाणी पहिल्याच आठवड्यात जोखलं. ती फळ्याकडे वळली की वर्ग तोंड मिटून गुणगुणायचा. वळून पाहावं तर सगळे चेहरे साधुसंतांचे. ती ओरडायची, तिचा आवाज फाटायचा, आणि गुणगुणणं वाढायचं.

एकदा मधल्या सुट्टीत बाई नकाशा ठेवायला सामानाच्या खोलीत गेल्या, तर गुंडाळलेल्या नकाशांच्या आड नवी बसलेली. डोळे सुजलेले.

"बाई, माझ्याच्याने नाही होणार हे. मी राजीनामा देते."

"दे ना," बाई म्हणाल्या. "पण आधी तोंड धुऊन ये. रडक्या तोंडाने दिलेला राजीनामा कुणी मनावर घेत नाही."

नवीला रडता रडता हसू फुटलं. तिथून सुरुवात झाली.

आपला रिकामा तास असेल तेव्हा बाई नवीच्या वर्गात मागे जाऊन बसू लागल्या. तिथे त्या चकार शब्द बोलायच्या नाहीत. शाळा सुटल्यावर मात्र रिकाम्या वर्गात दोघी बसायच्या आणि बाई एकेक गोष्ट काढायच्या.

"घंटा व्हायच्या आधी वर्गात जा. पोरांनी तुझी वाट पाहण्यापेक्षा तू त्यांची वाट पाहिलेली बरी. दारातच त्यांना कळतं, घर कुणाचं आहे ते."

"आणि दंगा झाला तर?"

"राग आला की फळा पूस. सावकाश पूस. पुसून होईतो तुझा राग निम्मा उतरतो, आणि पोरांना वाटतं, बाईंच्या मनात काहीतरी भयंकर चाललंय. जी शिक्षा तुझ्या हातून होणार नाही, ती तोंडाने बोलू नकोस. एकदा बोललीस आणि केली नाहीस, की तुझ्या शब्दाला किंमत उरत नाही."

नवी कान देऊन ऐकायची. बाईंना सांगायला हुरूप यायचा. दंगेखोर पोराचं नाव आपोआप पाठ होतं, तू गप्प बसणारीचं नाव आधी पाठ कर. उत्तर येत नसेल तर 'उद्या बघून सांगते' म्हण, आणि उद्या विसरू नकोस. घरी जाताना वर्ग डोक्यावर घेऊन जाऊ नकोस, नाहीतर जेवणाच्या ताटावर सातवीची चाळीस पोरं येऊन बसतील. हे सगळं सांगून झाल्यावर त्या एकदा म्हणाल्या, "आणि शाळेत एक तरी माणूस असा धरून ठेव, ज्याच्यापुढे खरं बोलता येईल. वर्गात आपण एकटेच असतो गं. दार लावलं की आत काय चाललंय ते कुणालाच कळत नाही. कुणापाशी तरी मन मोकळं करावं लागतं, नाहीतर माणूस आतून कोरडं होत जातं."

"माझं ते माणूस तुम्हीच," नवी म्हणाली. मग मान खाली घालून, "पण बाई, तुमचं वेगळं आहे. तुमच्यात ते उपजतच आहे. तुम्ही नुसत्या उभ्या राहता आणि वर्ग गप्प होतो. माझ्यात तसं काही नाहीच."

तिचा तो पडलेला चेहरा बाईंना बघवेना. इतक्या वर्षांत जी गोष्ट ओठावर आली नव्हती, ती त्यांनी त्या रिकाम्या वर्गात सांगून टाकली. कान, ताप, खिडकीजवळची जागा, पोरांकडून उत्तरं पुन्हा का म्हणवून घ्यायची, सगळं. "उपजत बिपजत काही नसतं बघ. मला ऐकू येत नाही म्हणून मी असं शिकवते. माझ्या उणेपणातून माझी रीत निघाली, तुझ्यातून तुझी निघेल."

नवीने त्यांचे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरून आले होते. "बाई, हे माझ्या तोंडून कधीच बाहेर जाणार नाही."

त्यानंतर नवी खरंच उभी राहिली. वर्षभरात सातवी तिच्या मुठीत आली. ती बाईंच्या घरी येऊ लागली, सुट्टीच्या दिवशी जेवायला थांबू लागली. बाईंना मूलबाळ नव्हतं. नवरा तिला "आमची धाकटी" म्हणायचा. त्याने तिच्या खोलीतला पंखा दुरुस्त करून दिला, तिच्या आईच्या आजारपणात दवाखान्याच्या चकरा मारल्या. आणि नवीही अशी समजूतदार, की चार माणसांत बसताना बाईंच्या डाव्या बाजूची खुर्ची धरायची. रस्त्यातून चालतानाही डावीकडे. हे कुणाच्या लक्षात यायचं नाही, पण बाईंना ते इतकं सुखाचं वाटायचं की एकदा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पोटची मुलगी असती तर तिने तरी एवढं केलं असतं का?"

अशी काही वर्षं गेली. मग पर्यवेक्षिका निवृत्त झाल्या. शाळेत मुख्याध्यापकांच्या खालोखालची ती जागा. सेवेने बाई सगळ्यांत वरच्या, आणि बाकीच्या जुन्यांना ती कटकट नकोच होती. अभिनंदन आगाऊच सुरू झालं होतं. शिपाईसुद्धा "आता तुमची खुर्ची पुसून ठेवू का?" म्हणून विचारून गेला होता. बाई वरवर "अजून कशात काही नाही" म्हणायच्या, पण नव्या शिक्षकांसाठी काय काय करायचं याचे बेत मनात चालू होते. प्रत्येक नव्या माणसाच्या वर्गात वर्षभर एका जुन्याने मागे बसायचं, हा पहिला.

एका दुपारी मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावलं. हा माणूस भिडस्त. समोर बसवून पाणी दिलं, मग उठून बाईंच्या उजव्या हाताच्या खिडकीशी गेले आणि कुंडीतल्या रोपाची पिवळी पानं खुडत पाठमोरेच उभे राहिले. बाई वाट पाहत बसल्या. बऱ्याच वेळाने ते वळले.

"बाई, मी आत्ता तुम्हाला काय विचारलं?"

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

"तुम्ही... काही बोललात का, सर?"

"दोनदा बोललो." त्यांचा चेहरा ओशाळा झाला होता. "मला हे करायला बरं वाटलं नाही. पण खात्री करणं भाग होतं. किती वर्षं झाली याला?"

बाईंनी खरं ते सांगितलं. मग विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमची काळजी असलेल्या माणसाने. त्यात वावगं काही नव्हतं. तुम्ही खिडकीला धरून का उभ्या राहता, मुलांकडून उत्तरं पुन्हा का म्हणवून घेता, सगळं समजावून सांगितलं. बाई, पर्यवेक्षिकेला मैदान, जिने, सहली, सगळीकडे कान ठेवावा लागतो. माझाही नाइलाज आहे."

बाई तिथून निघाल्या त्या सरळ बाजारात. वाटेत त्यांच्या मनाने गुन्हेगार पक्का करून टाकला होता. शाळेचा भोंगा आठच दिवसांपूर्वी नवऱ्याच्या दुकानात दुरुस्तीला आला होता, न्यायला मुख्याध्यापक स्वतः गेले होते. हा गप्पांच्या नादात बोलून बसला असणार. दुसरं कोण? नवीचं नाव त्यांच्या मनात आलंसुद्धा नाही.

दुकानात गिऱ्हाईक होतं. बाईंनी ते पाहिलं नाही.

"झालं समाधान? आयुष्यभर जपलं ते चव्हाट्यावर मांडलंत! तोंडाला जरा कुलूप लावता येत नाही?"

नवरा हातात तारा जोडायची तापलेली डागणी घेऊन तसाच उभा राहिला. गिऱ्हाईक आपला रेडिओ तिथेच ठेवून हळूच बाहेर सटकलं. बाईंनी घडलेलं सगळं सांगितलं, रडत, ओरडत. शेवटी तो डागणी खाली ठेवून म्हणाला,

"खिडकीपाशी उभी राहतेस?"

"म्हणजे?"

"वर्गात तू कुठे उभी राहतेस, हे मला कसं कळणार? मी तुझ्या वर्गात कधी पाऊल टाकलंय? तू कधी घरी सांगितलंस? पोरांकडून काय म्हणवून घेतेस तेही मी आज ऐकतोय." तो थांबला. "हे तू आणखी कुणाला सांगितलं होतंस?"

बाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या. नवऱ्याने पाणी आणून दिलं आणि पाठ फिरवून गिऱ्हाइकाचा रेडिओ उघडला. पडल्या चेहऱ्याने तो स्क्रू काढत होता. इतक्या वर्षांच्या संसारात आपण याला चारचौघांत कधी असं बोललो नव्हतो, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. आणि बोललो ते कुणापायी?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी नवीला सातवीच्या वर्गात गाठलं. नवी तक्ते उतरवत होती. बाईंना पाहताच ती पुढे आली आणि सवयीने त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.

"तू सांगितलंस?"

नवीने आढेवेढे घेतले नाहीत. कदाचित तिने उत्तर तयार ठेवलं होतं.

"सरांनी मला विचारलं, बाईंना ही जबाबदारी झेपेल ना? मी खोटं कसं बोलू? खोटं बोलू नये, हे तुम्हीच शिकवलंत मला."

"नुसतं झेपेल ना, एवढंच विचारलं होतं त्यांनी. कानाबद्दल विचारलं होतं?"

नवी हातातला तक्ता गुंडाळू लागली.

"मी तुझ्याजवळ बोलले होते, नवी. त्यांच्याजवळ नाही."

"बाई, उद्या एखादं मूल मागून ओरडलं, तुम्हाला ऐकू आलं नाही आणि काही झालं, तर? तुमच्यावरच आलं असतं. मी तुमच्या भल्याचंच पाहिलं. मनावर घेऊ नका. आणि खरं सांगू? ती जागा मला मिळावी असं माझ्या मनातही नव्हतं."

जागा तिला मिळणार, हे बाईंना तोवर माहीत नव्हतं. ते त्यांना असं कळलं.

मुख्याध्यापकांना संशय आला असता, कुणी पोराने ताडलं असतं, तर दुःख झालं असतं, पण ते सोसलं असतं. ही त्यांच्या घरात, त्यांच्या ताटाशेजारी बसून जेवली होती. गोड बोलून केसाने गळा कापला, आणि वर म्हणते मनावर घेऊ नका. बाई वळल्या आणि वर्गाबाहेर पडल्या. मागून नवीने काही म्हटलंही असेल. त्यांना ते ऐकू आलं नाही, आणि त्यांनी वळून विचारलंही नाही.

पुढे सगळं रीतसर झालं. डॉक्टरांचा दाखला आणायला सांगितलं. डावा कानही आता मंदावत चालला होता, म्हणून डॉक्टरांनी तपासून त्याला श्रवणयंत्र दिलं आणि लिहून दिलं की वर्ग शिकवायला काही हरकत नाही. पण दाखला येईपर्यंत बाईंना ग्रंथालयात बसवलं होतं, आणि त्या मुदतीत नवी पर्यवेक्षिकेच्या खुर्चीत बसली होती. शाळाभर कानाची बातमी झालीच. कुणी सहकारी उगाच मोठमोठ्याने आणि सावकाश बोलायचे, जणू बाईंची अक्कलच गेली होती. नवऱ्याने यंत्राची पट्टी सैल करून दिली, शिट्टी वाजते ती कशी थांबवायची ते दाखवलं. दुकानातल्या त्या दिवसाबद्दल बाईंनी माफी मागितली तेव्हा तो "सोड गं" म्हणाला. पण मग बरेच दिवस त्याने घरात थट्टा केली नाही. ते बाईंना जास्त लागलं.

वर्षअखेरीला आसपासच्या शाळांतल्या नव्या शिक्षकांसाठी शिबिर भरलं. नवी त्यात मुख्य वक्ती. बाईंना "अनुभवी शिक्षिका म्हणून दोन शब्द" बोलायला बोलावलं होतं. नवीने फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं, 'पुन्हा सांग पद्धत', आणि एक उत्तर तीन मुलांच्या तोंडून कसं फिरवायचं, ते समजावलं. समजावलं उत्तमच. शेवटी एका तरुणाने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"वर्गात प्रयोग करता करता," नवी म्हणाली आणि बाईंकडे पाहून हसली. त्या हसण्यात लाज नव्हती. जवळच्या माणसाकडे पाहून हसावं तशी ती हसली. बाईंना कळून चुकलं, की आपण काही हिरावून घेतलं असं हिला मुळी वाटतच नाही.

मग बाईंची पाळी आली. त्यांनी घंटेआधी वर्गात जायचं सांगितलं, फळा सावकाश पुसायचं सांगितलं, गप्प बसणाऱ्या मुलीचं नाव पाठ करायचं सांगितलं. नवे शिक्षक भराभर लिहून घेत होते. शेवटचं वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं, की शाळेत एक तरी माणूस असा धरून ठेवा. त्यांनी समोरचे ते कोवळे चेहरे पाहिले, आणि "बाकी अनुभवाने कळेल" म्हणून खाली बसल्या. टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात नवी वाजवत होती.

त्याच आठवड्यात बाईंनी बदलीचा अर्ज दिला. गावाच्या दुसऱ्या टोकाला, गोदामांच्या पलीकडे एक लहान शाळा होती, तिथे कुणी जायला तयार नसे. पहिल्याच दिवशी, घंटेआधी वर्गात जाऊन बसलेल्या बाईंनी पोरं जमल्यावर केस मागे सारून कानातलं यंत्र सगळ्यांना दाखवलं.

"हा कान अर्धा चालतो. हा दुसरा बंदच आहे. तेव्हा पुटपुटायचं नाही."

बाईंना चित्रकलेच्या सरांची आठवण झाली. मग पुढच्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीने हात वर केला.

"बाई, तुम्हाला गुपित सांगायचं असेल तर कुठल्या कानात सांगायचं?"

"बंद कानात," बाई म्हणाल्या. "तिथून ते बाहेर जात नाही."

पोरं खळखळून हसली. बाईही हसल्या. तास चांगला झाला.

निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच शिकवत राहिल्या. वर्गात पूर्वीइतक्याच रमायच्या. शिक्षकांच्या खोलीत मात्र हवापाण्याचं बोलायच्या, सगळ्यांशी गोड, आणि घंटा झाली की पिशवी उचलून घरी. पुढे तिथे गणिताची एक मुलगी नव्याने लागली. तिचा वर्ग हाताबाहेर जात होता. तिने बाईंना वर्गात येऊन बसायची विनंती केली. बाई गेल्या, मागे बसल्या, काय चुकतंय ते एकेक करून नीट सांगितलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या. मुलगी सुधारत गेली. एके दिवशी तिने विचारलं, "बाई, सुट्टीच्या दिवशी तुमच्या घरी येऊ का? तुमच्याशी पुष्कळ बोलायचंय."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मुलगी गुणी होती, डोळ्यांत काही वाईट नव्हतं. नवीच्याही डोळ्यांत नव्हतं.

"वर्गाचं वर्गातच बोलू या," बाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलली.